वाचकांचे प्रश्न : खिशातली हजार गाणी

गेल्या अंकात या सदरात कॅसेट-वॉकमनचा सैल झालेला रबरी पट्टा बदलण्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत पट्ट्यापेक्षा पुढच्या पिढीविषयी, म्हणजे कॉम्प्युटरवरून गाणी भरून खिशात घालून फिरण्याच्या डिजिटल प्लेअरविषयी, जास्त विचारणा झाली आहे. त्यांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेत आहोत.

प्रश्न : घर आवरताना ड्रॉवरमध्ये दोन जुने प्लेअर सापडले. एक आयपॉड मिनी आणि दुसरा क्रिएटिव्ह कंपनीचा झेन मायक्रो. सोबतची माहितीपत्रके वाचली, तर झेनमध्ये रेडिओ आहे, आवाज रेकॉर्ड करता येतो, बॅटरी काढून बदलता येते आणि जागाही जास्त आहे. आयपॉडमध्ये यांतले काहीच नाही. तरीही गाजला तो आयपॉडच. हा केवळ जाहिरातीचा प्रताप का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण सहज म्हणून दोन वस्तू एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत, परंतु या स्पर्धेचा सगळा इतिहास समजून घ्यायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. दोन्ही प्लेअर २००४ सालचे, दोन्हींत इंचभर व्यासाची हार्ड डिस्क. मिनीमध्ये ४ गिगाबाइटची, झेनमध्ये ५ गिगाबाइटची. माहितीपत्रकावरच्या यादीने निकाल लागायचा असता, तर मिनी पहिल्या महिन्यातच बाद व्हायला हवा होता. त्याची किंमत २४९ डॉलर होती आणि आणखी ५० डॉलर टाकले, तर त्याच कंपनीचा १५ गिगाबाइटचा मोठा आयपॉड मिळत होता. समीक्षकांनी नाके मुरडली आणि लोकांनी मिनीच उचलला.

कारण शोधायचे, तर थोडे मागे जावे लागेल. १९९८ साली बाजारात आलेल्या पहिल्या प्लेअरांमध्ये ३२ मेगाबाइट स्मृती होती. नेहमीच्या दर्जाच्या एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण १ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे जेमतेम अर्धा तास, सात-आठ गाणी. एवढ्या गाण्यांत शोधायचे काय? 'पुढचे' आणि 'मागचे' अशी दोन बटणे पुरत होती. अडचण सुरू झाली ती हार्ड डिस्क आल्यावर. क्रिएटिव्हनेच २००० साली नोमॅड ज्यूकबॉक्स आणला, तोही अ‍ॅपलच्या आधी वर्षभर. त्यात लॅपटॉपची अडीच इंची, ६ गिगाबाइटची डिस्क होती, त्यामुळे आकार थेट सीडी प्लेअरएवढा झाला. गाणी हजाराच्या घरात गेली, पण ती कॉम्प्युटरवरून आत जात होती जुन्या, सेकंदाला १२ मेगाबिट वेगाच्या यूएसबीतून. डिस्क पूर्ण भरायची म्हणजे तासांचे काम.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपलने दाखवलेल्या पहिल्या आयपॉडमधला एकही महत्त्वाचा सुटा भाग अ‍ॅपलचा खास असा नव्हता. १.८ इंची डिस्क तोशिबाची होती आणि मुख्य चिप पोर्टलप्लेअर नावाच्या छोट्या कंपनीची. (या कंपनीचे बरेच अभियंते हैदराबादच्या कार्यालयात काम करत होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) तीच डिस्क आणि तीच चिप दुसऱ्या कोणालाही विकत घेता आली असती. अ‍ॅपलने वेगळे केले ते एवढेच, की 'हजार गाण्यांतले हवे ते गाणे किती वेळात वाजू लागेल?' हा एकच प्रश्न धरून बाकीचे बाजूला सारले. सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाच्या फायरवायर जोडणीमुळे सगळी गाणी दहाएक मिनिटांत आत गेली, आणि ती शोधायला समोर चाक आले.

चाकाचे महत्त्व आपल्याला आत्ता, या क्षणी, पडताळून पाहता येईल. मिनी चार्ज होत असेल, तर गाण्यांची यादी उघडून चाकावर अंगठा सावकाश फिरवा. एकेक ओळ सरकते आणि आतून बारीक 'टिक टिक' ऐकू येते. आता अंगठा भराभर फिरवा. चाक तेच असले, तरी ओळी झपाट्याने धावू लागतात, आणि थांबावेसे वाटले की जवळजवळ हवे तिथेच थांबतात. मग झेनच्या मधल्या उभ्या स्पर्शपट्टीवर बोट वरून खाली न्या. बोट तळाला पोहोचले की एक तर तिथेच दाबून धरायचे किंवा उचलून पुन्हा वर न्यायचे. पट्टीला शेवट असतो, चाकाला नसतो. शिवाय ही पट्टी इतकी हळवी, की एका नावावर टेकायला जावे आणि शेजारचे निवडले जावे. मिनीच्या चाकाखाली मात्र चार खरी, दाबली जाणारी बटणे आहेत. सरकवण्याचे काम स्पर्शाने आणि निवडण्याचे काम दाबून, अशी विभागणी केल्यामुळे अंधारात किंवा खिशात हात घालूनही चूक होत नाही.

ही विभागणी पहिल्याच दिवशी सुचलेली नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो. २००१ चे चाक खरोखर फिरत असे, २००२ मध्ये ते स्थिर राहून स्पर्श ओळखू लागले आणि २००३ मध्ये बटणे चाकापासून सोडवून पडद्याखाली एका ओळीत मांडली गेली. माझ्या मते हा मधला प्रयोग फसलेला होता, कारण त्या बटणांना दाबल्याची जाणीवच होत नसे. मिनी लहान करायचा ठरला तेव्हा त्या ओळीला जागाच उरली नाही, म्हणून बटणे चाकाच्या पोटात गेली. त्या प्लेअरचा सगळ्यात नावाजलेला भाग असा जागेच्या टंचाईतून जन्माला आला.

केवळ चाकाने सगळे झाले, असेही नाही. पहिला आयपॉड फक्त मॅकिंटॉशवर चालत होता. एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकणारे दुकान आणि त्याच ऑक्टोबरात विंडोजसाठी आयट्यून्स हे आयपॉडमध्ये गाणी भरण्याचे सॉफ्टवेअर आले, त्यानंतरच विक्रीचा आलेख खरा वर गेला. सप्टेंबर २००५ मध्ये उत्तम खपणारा मिनी स्वतःहून बंद करून कंपनीने फिरत्या डिस्कऐवजी फ्लॅश स्मृतीच्या चिपवर चालणारा नॅनो आणला आणि काही आठवड्यांतच पाच चिप-उत्पादकांशी करार करून एकूण १२५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम आगाऊ मोजण्याची तयारी दाखवली. हवी तितकी फ्लॅश स्मृती हव्या त्या किमतीला मिळणे त्यानंतर बाकीच्यांना जड गेले.

क्रिएटिव्हची बाजूही ऐकायला हवी. कलाकार, मग अल्बम, मग गाणे, अशा पायऱ्यांनी यादीत उतरण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट सिंगापूरच्या याच कंपनीला ऑगस्ट २००५ मध्ये मिळाले. अर्ज होता जानेवारी २००१ चा, म्हणजे आयपॉडच्या आधीचा. मे २००६ मध्ये तिने अ‍ॅपलवर दावा लावला, अ‍ॅपलने उलट दावे लावले आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅपलने १० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच तडजोडीबरोबर क्रिएटिव्हने आयपॉडसाठी स्पीकर आणि हेडफोन बनवायचेही मान्य केले. तेव्हा जाहिरात हे उत्तर नव्हे. आपल्या ड्रॉवरमधल्या मिनीच्या मेनूतल्या पायऱ्यांची किंमत झेनच्या कंपनीने रीतसर वसूल केलेली आहे.

प्रश्न : चालताना गाणी ऐकण्याची सवय जगाला सोनीच्या वॉकमनने लावली. मग डिजिटल प्लेअरच्या बाबतीत सोनी मागे कशी पडली? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : सोनीकडे नव्हते काय, हेच सांगणे अवघड आहे. १ जुलै १९७९ पासूनचे वॉकमनचे नाव होते, लहान यंत्रे बनवण्याचा हात होता, बॅटरीचे ज्ञान होते आणि १९९२ पासून मिनीडिस्कसाठी वापरलेले अ‍ॅट्रॅक नावाचे आवाज आवळण्याचे स्वतःचे तंत्रही होते. शिवाय १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतल्यापासून स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती. ही शेवटची गोष्ट बळ म्हणून मोजली जात होती, पण ती गळ्यातले लोढणे झाली.

१९९९ साली सोनीने मेमरी स्टिक या स्वतःच्या स्मृती-कार्डावर चालणारा वॉकमन बाजारात आणला. दिसायला देखणा, पण त्यात एमपी३ थेट वाजत नसे. गाणी आधी सोनीच्या सॉफ्टवेअरमधून अ‍ॅट्रॅकमध्ये रूपांतरित करावी लागत आणि मगच प्लेअरमध्ये 'चेक आउट' करावी लागत. एक गाणे एका वेळी तीनच जागी देता येई; चौथीकडे द्यायचे, तर आधीच्या एकीकडून ते परत जमा करावे लागे. ग्रंथालयाचे कार्डच म्हणा ना. यंत्र बनवणाऱ्या विभागाला ग्राहकाची सोय हवी होती, तर गाणी विकणाऱ्या विभागाला चोरीची भीती होती, आणि दोघे एकाच छपराखाली असल्याने ग्राहकाला मिळाली ती त्यांच्यातली तडजोड.

२००४ च्या उन्हाळ्यात आलेला एनडब्ल्यू-एचडी१ हे याचे सगळ्यात बोलके उदाहरण आहे. २० गिगाबाइटची डिस्क, आयपॉडहून लहान आकार, ३० तासांची बॅटरी. खोक्यावर १३,००० गाणी लिहिलेली होती, पण तो हिशेब सेकंदाला ४८ किलोबिट इतक्या पातळ केलेल्या अ‍ॅट्रॅकचा होता, आणि एमपी३ त्यातही थेट वाजत नव्हते. त्या वर्षअखेरीस आलेल्या पुढच्या मॉडेलमध्ये ती सोय झाली. २००५ मधला अत्तराच्या कुपीसारखा दिसणारा एनडब्ल्यू-ई५०० तर आजही हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही. काळ्या अंगावर अक्षरे जणू आतून उमटतात आणि बॅटरी ५० तास चालते. रचनेत सोनी कधीच कमी पडली नाही. तोपर्यंत लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये हजारो एमपी३ साठली होती आणि ती पुन्हा एकेक करून रूपांतरित करायला कोणी बसणार नव्हते, एवढेच.

प्रश्न : असा प्लेअर सर्वांत आधी कोणी शोधला? स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात आयपॉड असे उत्तर दिले आहे. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : ते उत्तर चूक आहे. विक्रीस आलेला पहिला एमपी३ प्लेअर म्हणजे दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन (१९९८). त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी३०० आला आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्यावर बंदी मागितली. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने निकाल दिला. स्वतःकडे असलेले गाणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ऐकणे हा ग्राहकाचा वैयक्तिक वापर ठरला. हा निकाल उलट लागला असता, तर पुढची सगळी स्पर्धा अमेरिकेत तरी सुरूच झाली नसती. नुसत्या कल्पनेचे श्रेय द्यायचे झाल्यास ब्रिटनच्या केन क्रेमर यांनी १९७९ मध्येच घन-स्मृतीवर (फिरता भाग नसलेल्या स्मृतीवर) चालणाऱ्या खिशातल्या प्लेअरचे आराखडे काढले होते; पैशांअभावी त्यांचे पेटंट १९८८ मध्ये हातचे गेले. परीक्षेत प्रश्न 'पहिला व्यावसायिक प्लेअर' असा असेल, तर एमपीमॅन लिहावे.

प्रश्न : माझ्याकडे २००५ चा डिस्कवाला आयपॉड आहे. ख्यालगायनाच्या सीडी त्यात भरल्या आहेत. एकच राग सीडीवर तीन ट्रॅकमध्ये विभागलेला असतो. ट्रॅक बदलताना बारीक झटका बसतो आणि तान तुटते. शिवाय माझ्या मुलाच्या अशाच प्लेअरमध्ये सिनेगीते जितका वेळ वाजतात, तितका वेळ माझी बॅटरी टिकत नाही. बिघाड आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : बिघाड नाही. आपण ज्या संगीतासाठी तो प्लेअर वापरता, ते संगीत तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

आधी झटक्याविषयी. एमपी३ मध्ये आवाज ठरावीक लांबीच्या तुकड्यांत साठवला जातो. एका तुकड्यात आवाजाची १,१५२ मोजमापे (नमुने), म्हणजे सेकंदाचा सुमारे अडतिसावा भाग. ट्रॅक बरोबर तुकड्याच्या सीमेवर संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता पडते. दोन स्वतंत्र गाण्यांमध्ये ही फट कळतही नाही. विलंबितातून द्रुतात जाताना, तंबोरा अखंड चालू असताना, ती कानाला खडा लागल्यासारखी लागते. अ‍ॅपलने यावर उपाय केला तो सप्टेंबर २००६ मध्ये. रिओ कंपनीच्या कर्मा नावाच्या प्लेअरमध्ये ही सोय २००३ मध्येच होती, आणि दर्जा न घटवता साठवणारे फ्लॅक हे स्वरूपही तो वाजवत असे. ज्याच्याकडे कान होता तो प्लेअर बाजारात टिकला नाही, याची मला व्यक्तिशः हळहळ वाटते.

आता बॅटरी. डिस्क सतत फिरत ठेवली, तर बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून डिस्क काही क्षण फिरवून पुढची गाणी ३२ मेगाबाइटच्या स्मृतीत ओढून घ्यायची आणि मग डिस्क झोपवायची, अशी योजना पहिल्या आयपॉडपासून होती. चार मिनिटांचे गाणे चारएक मेगाबाइटचे. अशी पाच-सहा गाणी एका दमात आत येतात. पन्नास मिनिटांच्या ख्यालाची एकच फाइल मात्र ४८ मेगाबाइटच्या आसपास भरते. ती स्मृतीत मावत नाही आणि डिस्क पुन्हा पुन्हा जागी होते. ९ मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइलींनी बॅटरी लवकर उतरते, असे अ‍ॅपलच स्वतःच्या सूचनांत सांगत असे.

उपाय दोन आहेत. सीडीवरचे तिन्ही ट्रॅक जोडून एकच फाइल केली, तर झटका जाईल, पण बॅटरीचा प्रश्न थोडा वाढेल. किंवा रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकावे. आर्कोस कंपनीच्या प्लेअरमधल्या उणिवांना कंटाळलेल्या हौशी प्रोग्रॅमरांनी २००१ च्या सुमारास ते लिहायला घेतले आणि पुढे ते अनेक कंपन्यांच्या प्लेअरांवर, जुन्या आयपॉडवरही, चालू लागले. त्यात ट्रॅक अखंड वाजतात. टाकण्यापूर्वी आतल्या फाइलींची प्रत मात्र अवश्य काढून ठेवावी.

प्रश्न : एका कंपनीचे सगळे प्लेअर एकाच दिवशी बंद पडले होते, असे ऑफिसात कोणी तरी सांगितले. ही थाप आहे का? (एक सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी)

उत्तर : थाप नाही, फक्त 'सगळे' हा शब्द जास्त आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या झून या प्लेअरचे ३० गिगाबाइटचे मॉडेल जगात जिथे जिथे होते, तिथे ते सुरू होताना गोठले. आपण अभियंता आहात, म्हणून कारण नीट सांगतो. घड्याळाची चिप दिवसांची एकूण संख्या देत असे आणि त्यावरून वर्ष काढणारी फेरी 'दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत' चालत असे. लीप वर्ष असेल, तर आत दुसरी अट होती: दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच ३६६ वजा करून वर्ष पुढे न्यायचे. २००८ हे लीप वर्ष आणि ३१ डिसेंबर हा त्याचा बरोबर ३६६ वा दिवस. आकडा ३६५ पेक्षा जास्त होता, म्हणून फेरी थांबेना. ३६६ पेक्षा जास्त नव्हता, म्हणून काही वजा होईना. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर चार्ज करून सुरू करा, असा सल्ला कंपनीने दिला आणि तेवढ्यानेच काम झाले.

या चुकीमुळे झूनचे हसे झाले, पण त्याचे खरे नुकसान आधीच, नोव्हेंबर २००६ मध्ये तो बाजारात आला त्याच दिवशी झाले होते. दोन वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टने 'प्लेज-फॉर-शुअर' ही योजना काढून क्रिएटिव्ह, आयरिव्हर अशा कंपन्यांना आपल्या संरक्षित संगीत-स्वरूपाभोवती गोळा केले होते. झून आला आणि त्या योजनेतून विकत घेतलेली गाणी त्यावर वाजेनात. सहकारी दुखावले, ग्राहकही दुखावले. त्यातली एक कल्पना मात्र काळाच्या पुढची होती: शेजारच्या झूनला वाय-फायवरून गाणे पाठवता येत असे. पाठवलेले गाणे तीन दिवस किंवा तीनदा ऐकता येई, त्यानंतर ते चालत नसे. पण पाठवायला शेजारी झूनवाला असावा लागतो, आणि तो क्वचितच असायचा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. मोबाइलवर गाणी लावायला गेले की जाहिराती आणि फोन मध्ये येतात. आज स्वतंत्र प्लेअर घ्यावा का, आणि कोणता? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : जरूर घ्यावा. आयपॉडची विक्री २००८ या आर्थिक वर्षात साडेपाच कोटी नगांच्या जवळ पोहोचली आणि मग फोननेच तिला गिळले. शेवटचा आयपॉड टच मे २०२२ मध्ये बंद झाला. परंतु प्लेअर ही वस्तू संपलेली नाही. सोनी वॉकमन याच नावाने आजही प्लेअर बनवते. २००२ मध्ये त्रिकोणी लोलकासारखा प्लेअर आणून सर्वांना चकित करणाऱ्या कोरियाच्या आयरिव्हरने २०१२ पासून अ‍ॅस्टेल अँड कर्न या नावाने महागडे, हौशी कानांचे प्लेअर काढले. हे सगळे वडिलांसाठी मात्र नकोत, कारण त्यांत स्पर्शपडदा आणि मेनूंची गर्दी असते.

घरातच ऐकायचे असेल, तर सारेगामाचा कारवाँ पाहावा; त्याची मराठी आवृत्तीही मिळते. तो खिशात मावत नाही, पण आधीच भरलेली गाणी आणि फिरवायची गोल कळ असल्यामुळे त्यात शोधण्याचे काम जवळजवळ उरतच नाही. फिरायला जाताना हवा असेल, तर कपड्याला अडकवता येणारा, खरी बटणे असलेला, मेमरी कार्ड घेणारा साधा प्लेअर निवडावा. सॅनडिस्कचा २००९ चा सान्सा क्लिप प्लस हा या जातीचा उत्तम नमुना होता. तो जुना पण चालू स्थितीत मिळाला, तर सोडू नये.

स्वस्त, नाव नसलेल्या प्लेअरपासून सावध राहावे. काही वर्षांपूर्वी पुण्यात मी असा एक घेतला. खोक्यावर ४ गिगाबाइट, कॉम्प्युटरही ४ गिगाबाइटच दाखवत होता. गाणी भरली, नावे यादीत दिसली. पण पहिली शंभरेक सोडली, तर बाकीची नुसती शांत. आतली खरी स्मृती त्याच्या काही अंशच होती आणि आकडा खोटा नोंदवलेला होता. म्हणून दुकानात जाताना पेनड्राइव्हवर गाणी घेऊन जावे, प्लेअर काठोकाठ भरून यादीतले अगदी शेवटचे गाणे तिथेच वाजवून पाहावे. त्यांतल्या दोन-तीन गाण्यांची नावे देवनागरीत ठेवावी. पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटले, तर तो प्लेअर वडिलांच्या कामाचा नाही.